डाव्या पायाखालचा पुठ्ठा

४ जानेवारी, शनिवार

रस्तारुंदीत माझी घड्याळदुरुस्तीची टपरी गेली, त्याला आठ महिने झाले. एकतीस वर्षं ज्या चार फुटांत बसलो तिथून आता बस जाते. तेव्हापासून घरीच आहे. बायकोच्या शब्दांत सांगायचं तर घरातली सगळी घड्याळं वेळेवर चालायला लागली आणि माणसं बिघडायला लागली.

आज मेहुण्याबरोबर जुन्या बाजाराच्या गल्लीत गेलो. दुतर्फा दोन मजली लाकडी घरं, खांद्याला खांदा लावून उभी. दोन घरांमध्ये बोट शिरेल एवढीही फट नाही. गल्लीच्या तोंडाशी पालिकेची पाटी आहे: हा रस्ता वारसा यादीत आहे, परवानगीशिवाय खिळाही ठोकू नये. दिवसा जुन्या वस्तूंची दुकानं असतात, शुक्रवारी-शनिवारी दिवे लागल्यावर रातबाजार भरतो. लोक लांबून येतात आणि पितळी कुलपं, छत्र्यांच्या मुठी, अनोळखी लोकांच्या लग्नाचे फोटो घेऊन जातात.

मेहुणा इथं जुनं लाकूड विकतो. खांब, कोरीव दारं, तुळया. गल्लीतलं एक अख्खं घर त्यानं भाड्यानं घेतलंय. मागचा भाग त्याचं गोदाम. पुढची दुकानाची खोली तो मला देतोय आणि वरचा मजला माझ्या मुलीला, चहाघर काढायला.

"भावोजी, इथं नियम एकच," तो म्हणाला. "माल कुठून आला, हे विचारायचं नाही. आवडला तर घ्या, नाही तर पुढं व्हा."

दुकानात सागवानाचे तीन खांब आहेत, ओळीनं मागं जाणारे. पायथ्याशी खाचा दिसल्या. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. मेहुणा म्हणाला, सुतारांच्या खुणा. खांब दुसरीकडे कोरून आणायचे आणि इथं क्रमानं उभे करायचे. तिसऱ्या खांबामागे लाकडी आडभिंत, तिला दार, दाराला कुलूप.

हॉटेलातली नोकरी सुटल्यापासून मुलगी माझ्याशी कामापुरतंच बोलायची. ती नोकरी धरून ठेव म्हणून मीच मागं लागलो होतो आणि तिच्या मते तिथं तिची पाच वर्षं वाया गेली. आज जिना चढताना तिनं वळून विचारलं, "बाबा, खाली तुम्ही, वर मी. चालेल ना?"

चालेल म्हणालो.

९ जानेवारी, गुरुवार

दुकान लावलं. उजव्या भिंतीला रस्त्यापासून आडभिंतीपर्यंत एक लांब फळी आहे, जुनी, चार बोटं जाड. तिच्यावर लंबकाची सतरा टेबलघड्याळं मांडली. कोपऱ्यात जमिनीवर ते पुरुषभर उंचीचं उभं घड्याळ, जे टपरीत कधीच मावलं नसतं.

लावली तशी सगळी लंगडायला लागली. टिक लांब, टक आखूड. फळी कलती असली की असं होतं. ठोके सारखे पडले नाहीत तर लंबक दमतो आणि घड्याळ थांबतं. उपाय सोपा आहे. प्रत्येकाच्या डाव्या पायाखाली, म्हणजे गोदामाकडच्या बाजूला, पुठ्ठ्याचा एक तुकडा. सगळी मार्गी लागली.

पण मुलीनं नाक मुरडलं. "बाबा, ही काय दवाखान्यातली खाट आहे का, पायाखाली विटा द्यायला?"

तिचं बरोबर आहे. मग पुठ्ठे काढले आणि नीट रीतीनं केलं. लंबकाला ढकलणारी जी बारीक तार असते ती प्रत्येकात केसभर वाकवली, ठोके जुळेपर्यंत. एक अख्खा दिवस गेला. संध्याकाळी सतराही घड्याळं एका सुरात चालत होती. मेहुणा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "भावोजी, हात आहे तुमचा."

१८ जानेवारी, शनिवार

पहिला मोठा रातबाजार. तीन घड्याळं गेली. एक दातांच्या डॉक्टरनी नेलं, एक गवंड्यानं बायकोसाठी, एक पर्यटक जोडप्यानं.

शेजारणीशी ओळख झाली. गल्लीत तिला सगळे कपबशीवाली म्हणतात. जुन्या चिनी मातीची भांडी विकते. तिच्या कपाटांच्या पायांखाली वर्तमानपत्राच्या घड्या आहेत. मी हसलो तर म्हणाली, "हसू नका. या गल्लीत आलं की हळूहळू सगळेच घड्या घालायला शिकतात." पलीकडचा आरसेवाला आरसे तारेनं टांगतो, त्यांची खालची कड भिंतीपासून चार बोटं सुटलेली असते. मी विचारलं तर म्हणाला, हवा खेळती राहते.

मेहुण्याच्या ठेल्यावर गर्दी होती. आरसेवाल्याच्या ठेल्यावरही आज एक मोठा खांब होता. त्याच्या पायथ्याशी खाचा दिसल्या म्हणून वाकून मोजल्या. चार. एका उपाहारगृहाच्या सजावटवाल्यानं तिथल्या तिथं तो उचलला. एकाच हाताखाली शिकलेले सुतार शहरभर पसरले असणार. आपल्या कामाला क्रमांक घालणारी माणसं मला आवडतात.

२२ जानेवारी, बुधवार

दातांचे डॉक्टर घड्याळ परत घेऊन आले. घरी तासाभरात थांबतं म्हणे. त्यांच्यासमोर फळीवर ठेवलं, लंबकाला झोका दिला. अर्धा तास आम्ही गप्पा मारल्या, घड्याळ बिनतक्रार चाललं.

"मग घरी का थांबतं?"

"तुमचं टेबल तिरकं असेल," मी म्हणालो.

डॉक्टर जरा वरमले. गेले घेऊन.

२७ जानेवारी, सोमवार

पर्यटक जोडप्याचं पत्र आलं. तेच. दुकानात चालत होतं, घरी चालत नाही.

दुपारी गवंडीही आला, घड्याळ टॉवेलात गुंडाळून. फळीवर ठेवलं, चालायला लागलं. त्यालाही मी टेबलाचं सांगितलं. त्यानं टॉवेलाची घडी घातली.

"मालक, तीस वर्षं लोकांच्या भिंती सरळ करतोय. माझ्या घरात फळी तिरकी?"

"दिव्याखाली अंधार म्हणतात," मी गमतीनं म्हणालो. त्याला गंमत वाटली नाही. घड्याळ तिथंच ठेवून गेला.

रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सगळ्या गावाची घरं तिरकी आणि तुमचं एक दुकान सरळ." ती बोलते असं. मी मनावर घेतलं नाही, पण लिहून ठेवतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

घड्याळं पुन्हा लंगडतायत. सगळी, त्याच बाजूला. नव्या जागेत लाकूड बसायला वेळ घेतं. तार आणखी वाकवली. उभ्या घड्याळाच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याच्या दोन घड्या द्याव्या लागल्या.

दाराची खालची कड फरशीला घासते. मेहुण्यानं रंधा मारून दिला. म्हणाला, हवामान. चहात सकाळी भुसा पडला होता. वर मुलीचे सुतार काम करतायत, त्यांचा असेल. नंतर आठवलं, सुतार आज आलेच नव्हते. मागं गोदामात मात्र करवतीचा आवाज दुपारभर चालू होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

बायको पहिल्यांदा दुकानात आली. स्टुलावर बसली, दोन मिनिटांत उठली.

"काय झालं?"

"काही नाही. होडीत बसल्यासारखं वाटतं."

हातातलं लोकरीचं गुंडाळं खाली पडलं ते गडगडत आडभिंतीपर्यंत गेलं आणि दाराच्या फटीतून गोदामात. तिनं भावाला हाक मारली. त्यानं दार जेमतेम हातभर उघडून गुंडाळं बाहेर दिलं आणि पुन्हा कडी लावली.

"आत काय लपवलंयस रे? दुसरं लग्न केलंस की काय?" तिनं विचारलं.

"ताई, आत नुसती धूळ आहे. तुला शिंका येतील."

वर मुलीनं टेबलं मांडलीत, निळ्या रंगाची. खिडकीतून अख्खी गल्ली दिसते. उद्घाटन बावीस तारखेला, रातबाजाराच्या वेळी. चाळीस माणसांना आमंत्रण आहे. तिनं यादी दाखवली, त्यात पहिलं नाव "बाबा" असं होतं. मी म्हणालो, अगं मी खालीच असणार. ती म्हणाली, "असू दे. पाहुण्यासारखे या."

आजच्या बाजारात पलीकडच्या कुणाच्यातरी ठेल्यावर सात खाचांचा खांब होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गवंडी परत आला. घड्याळाचं काही बोलला नाही. पिशवीतून पाणसळ काढली, ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली गवंड्यांची पट्टी, आणि टेबलावर ठेवली.

"माझ्या घरी लावून बघितली. फळी सरळ आहे. आता तुम्ही तुमच्याकडं लावून बघा. सवडीनं. मी शनिवारच्या शनिवार इकडं येतोच."

मला राग आला. गिऱ्हाइकानं कारागिराला हत्यार आणून द्यायचं म्हणजे अतीच झालं. तो गेल्यावर ती पट्टी बिलांच्या कागदांवर वजन म्हणून ठेवून दिली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दुकान उघडलं तर उभं घड्याळ थांबलेलं. तीन वाजून दहा मिनिटं. पुठ्ठ्याच्या घड्या पुरेनात, म्हणून काड्यापेटीतली एक काडी मोडून खाली सारली, वर पुठ्ठा.

टेबलावरच्या पाणसळीत बुडबुडा रस्त्याकडच्या टोकाला जाऊन बसलाय, हलतच नाही. बिघडलेली असणार. गवंड्याचं घर मग सरळ कसं निघालं ते आता कळलं. शनिवारी त्याला सांगेन. नाही तर नकोच, दुखावेल.

आरसेवाल्यानं सांगितलं, काल त्याचा एक मोठा आरसा आपोआप तडकला. कुणी हातही लावला नव्हता. कपबशीवाली म्हणाली, आरशात कुणी स्वतःला बघितलं असेल. आम्ही हसलो. हसताना माझ्या लक्षात आलं की तिघंही आपापल्या दाराबाहेर, रस्त्यावर उभे आहोत. हल्ली आम्ही गप्पा बाहेरच मारतो. का, ते कुणी ठरवलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी मी एकटा असताना वर काहीतरी वाजलं. मोडल्यासारखं नाही. म्हातारं माणूस कूस बदलताना हाडं वाजतात तसं. मेहुण्याला सांगितलं.

"लाकूड आहे भावोजी, बोलणारच. दोनशे वर्षं उभं आहे. त्या काळची माणसं जिथं दहा खांब पुरतील तिथं वीस लावायची. तुम्हाला-मला पुरून उरेल."

त्याचं बोलणं ऐकलं की बरं वाटतं. लहानपणापासून तसाच आहे. बायको सांगते, आई आजारी असतानासुद्धा हाच सगळ्यांना हसवायचा, आई गेली तेव्हाही बाहेर विनोद सांगत होता.

आजच्या दिवसाची एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. पेन्सिल फळीवर ठेवली, ती गोदामाकडे घरंगळली. उचलून पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. चार वेळा केलं. मग पेन्सिल खिशात ठेवून दिली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पाणसळ घरी आणली. शनिवारी गवंडी येणार, त्याआधी ती बिघडलेली आहे हे नीट बघावं, मग परत द्यावी असा विचार होता. जेवताना बायकोनं ती ओट्यावर ठेवली.

"ही तर चांगली आहे," ती म्हणाली.

बुडबुडा बरोबर मध्यावर होता. खिडकीच्या कठड्यावर ठेवली, मध्यावर. टेबलावर, मध्यावर.

जेवण टाकून दुकानात गेलो. फळीवर पट्टी ठेवली. बुडबुडा रस्त्याकडे गेला. पट्टी उचलून तिची टोकं उलट केली. पट्टी बिघडलेली असती तर बुडबुडा तिच्या त्याच टोकाला चिकटून राहिला असता, म्हणजे आता गोदामाकडे दिसला असता. तो सरकत सरकत पुन्हा रस्त्याकडे आला.

पट्टी बरोबर आहे. फळी मागं खचतेय. फळी भिंतीत आहे.

घरी येऊन ही वही सुरुवातीपासून वाचली. पुठ्ठ्याचा एक तुकडा. तार केसभर. तार आणखी. दोन घड्या. एक काडी आणि पुठ्ठा. मी दुकानाचा हिशोब ठेवत नाही, पण घर किती कलंडलं याचा हिशोब मी माझ्या अक्षरात तारीखवार लिहून ठेवलाय. सतरा घड्याळं मला सहा आठवडे एकच गोष्ट सांगत होती आणि मी एकेकाची तार वाकवून त्याला गप्प केलं. लोकांना घरी बिघडलेली घड्याळं दिली आणि वर त्यांच्या घरांना नावं ठेवली.

परवा वर चाळीस माणसं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मेहुणा माल पोचवायला गेला होता. गोदामाचं कुलूप साधं होतं. घड्याळजीला कुलूप उघडायला दोन मिनिटं पुरतात.

आत खांब नाहीत. जमिनीत ओळीनं सहा दगड आहेत, खांबांच्या खालचे, आणि प्रत्येकावर खाचा आहेत. चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. चारच्या दगडावर विटांचा ढीग, चुन्याशिवाय रचलेला. पाच आणि सहावर मोटारी उचलायचे जॅक. सातवर एक ओंडका, वर लाकडी पाचर. आठ आणि नऊच्या दगडांवर काहीच नाही. वरची तुळई हवेतून जाते आणि मधे पोटाशी वाकलीय. तिच्याच वर निळी टेबलं आहेत.

मी घरी गेलो. दिवाणखान्यातलं आमचं घड्याळ, लग्नातलं, टॉवेलात गुंडाळून घेऊन आलो. ते या दुकानात कधी आलेलं नाही, त्याची तार मी कधी वाकवलेली नाही. मुलीला वरून बोलावलं. ती हातात टेबलांवरचे रुमाल घेऊन आली.

"आत्ता काय बाबा? उद्या कार्यक्रम आहे."

"दोन मिनिटं ऐक."

घड्याळ फळीवर ठेवलं, झोका दिला. या घड्याळाच्या आवाजात ती झोपायला शिकलीय. तापात रात्री उठली की विचारायची, घड्याळ चालू आहे ना. आज तिनं त्याचा लंगडा आवाज ऐकला. टिक. मोठा खंड. टक. मान कलती करून ऐकत राहिली. साधारण चौथ्या मिनिटाला ते थांबलं.

मी तिला मागचं दार दाखवलं. ती आत गेली, वर बघितलं, बाहेर आली. बराच वेळ रुमालांच्या घड्या घालत राहिली.

"मामाला माहीत आहे?"

"त्यानंच काढलेत."

"मला वर बसवताना माहीत होतं?"

मी फळीवरचं घड्याळ पुन्हा टॉवेलात गुंडाळलं. ती चाळीस माणसांना एकेक करून फोन करत बसली, समोरच्या पायरीवर.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मेहुणा चिडला नाही, हेच जास्त वाईट. हसत होता.

"भावोजी, कुलूप तोडलंत ना? मागितली असती तर किल्ली दिली असती. जॅक आहेत, ते वीस टन उचलतात. पोरीचा कार्यक्रम मोडलात तुम्ही, एका बुडबुड्यासाठी."

"आठ आणि नऊच्या दगडावर काय आहे?"

"लावणार होतो. पुढच्या आठवड्यात."

पालिकेत गेलो. शनिवारी अर्धा दिवस. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, घर वारसा यादीत आहे, त्याला हात लावायचा तर वेगळं खातं, अर्ज द्या, माणूस येऊन बघेल. पडलं तर काय, विचारलं. तर म्हणाल्या, पडलेल्या घरांचं खातं खालच्या मजल्यावर.

संध्याकाळी गवंडी आला. पट्टी परत देऊ लागलो तर त्यानं दुकानात डोकावून बघितलं, उंबरा ओलांडला नाही. "राहू द्या तुमच्याकडं," म्हणाला. "लागेल."

आम्ही घड्याळं काढून नेली. उभं घड्याळ दोघांना उचलत नाही, ते तिथंच राहिलं. मेहुण्यानं वरच्या मजल्यावर गादी टाकली. "मी स्वतः झोपतो इथं. मग तर पटेल?"

२६ फेब्रुवारी, बुधवार

गल्लीत बातमी पसरली. त्यामुळे भीती पसरेल असं मला वाटलं होतं, पण झालं उलटंच. लोक पडणारं घर बघायला येतायत. मेहुण्यानं दारात दिवे लावलेत. आत शिरून खांबांना टेकून फोटो काढतात. तो मला म्हणाला, "इतकी गिऱ्हाइकं दोन वर्षांत नव्हती. तुमचे उपकार."

बायको रोज डबा घेऊन जाते, त्याला बाहेर बोलावते, रस्त्यावर जेवायला लावते. आत पाऊल टाकत नाही. काल त्याला म्हणाली, "तुला हसताना बघितलं की मला आईचा शेवटचा आठवडा आठवतो." तो जेवता जेवता थांबला, मग पुन्हा जेवू लागला.

मी समोरच्या पायरीवर बसतो. मधे गर्दी नसली की उभ्या घड्याळाचा आवाज इथवर येतो. ते त्यानं स्वतः किल्ली देऊन चालू ठेवलंय, लोकांना आवडतं म्हणून. मागच्या शनिवारी मी डाव्या पायाखाली दोन काड्या देऊन ठोके जुळवले होते. आज लंगडतंय.

१ मार्च, शनिवार

दुपारी साडेचार. रातबाजाराला दोन तास होते. बायको, मुलगी, मी, तिघं पायरीवर. मेहुणा दारातून बाहेर आला. अंगात बनियन, खांद्यावर चादर, पायात काही नाही. आमच्याशेजारी येऊन बसला.

"वर आडवा झालो होतो," तो म्हणाला. "घड्याळ थांबलं. आवाज बंद झाला तशी जाग आली. उठून बसलो तर गादी माझ्यासकट सरकत होती. मागं."

बायकोनं पदरानं त्याच्या डोक्यावरचा भुसा झटकला. "जेवलास का?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

मग मी या गल्लीत जे विचारायचं नसतं ते विचारलं.

"तुझ्या ठेल्यावर इतके महिने खांब होते. आपल्या घरातून गेले सहा. बाकीचे कुठून आले?"

त्यानं खांद्यावरची चादर घट्ट ओढून घेतली.

"आपले खांब मी माझ्या ठेल्यावर ठेवत नव्हतो. ओळखू येतात. आरसेवाल्याकडं द्यायचो. त्याचे माझ्याकडं यायचे. कपबशीवालीचे पलीकडं, पलीकडचे तिसरीकडं." त्यानं हात उचलून गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. "सगळ्यांची मागं गोदामं आहेत, भावोजी. सगळ्यांना वाटतं आपण एकट्यानंच काढले, आणि शेजारच्या घराच्या आधारावर आपलं उभं राहील."

मी गल्लीकडे बघितलं. खांद्याला खांदा, बोट शिरेल एवढीही फट नाही. पोरं शिड्यांवर चढून दिव्यांच्या माळा बांधत होती.

मुलगी उठली आणि गल्लीच्या तोंडाकडे धावत गेली. बायकोनं भावाचा हात धरला आणि त्याला गल्लीबाहेर, मोठ्या रस्त्यापलीकडच्या मैदानावर नेलं. मी पाणसळ घेतली.

साडेसहा. हे पायरीपायरीवर उभं राहून लिहितोय, पालिकेला दाखवायला म्हणून. कपबशीवाली: बुडबुडा रस्त्याकडे. ती म्हणाली, मला माहीत नव्हतं, आणि मग म्हणाली, मला फक्त दोन माहीत होते. आरसेवाला: रस्त्याकडे. त्यानं दार लावून घेतलं, आतूनच. जुन्या पुस्तकांचं दुकान: रस्त्याकडे, काचेला टेकलेला. दिवेवाला: रस्त्याकडे. तो म्हणाला, आज शनिवार आहे, उद्या बोलू.

अकरा दुकानं झाली. बुडबुडा एकातही मध्यावर नाही. समोरच्या ओळीत अजून गेलोच नाही.

माळा पेटल्या. गल्लीच्या तोंडाशी मुलगी दोन्ही हात आडवे करून उभी आहे, काहीतरी ओरडून सांगतेय, इथवर ऐकू येत नाही. लोक थांबले आहेत. त्यांना वाटतंय आजपासून तिकीट लागलं. ते मुकाट्यानं रांग लावतायत आणि रांग मोठी होतेय.